न मोजलेल्यांचे दारिद्र्य : ब्रह्मदेशातील राखाईन प्रांताच्या निमित्ताने

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा आली आहे. तथागत आळवीला आले असता नगरवासीयांनी भिक्खुसंघाला भोजनदान दिले. नेमक्या त्याच सकाळी या शेतकऱ्याचा बैल हरवला. उपदेश ऐकण्याची त्याला ओढ होती. परंतु बैलावाचून त्याचा संसार चालणार नव्हता. रानोमाळ हिंडून त्याने बैल शोधला, कळपात आणून सोडला आणि उपाशीपोटीच तो सभेकडे धावला. तोपर्यंत भोजन आटोपले होते. तथापि तथागतांनी उपदेशास आरंभ केला नव्हता. ते मौन धरून त्याची वाट पाहत होते. तो येताच त्यांनी प्रथम त्याच्या जेवणाची व्यवस्था करविली आणि तो जेवल्यानंतरच धम्म सांगितला.

भुकेल्या माणसाला उपदेश करू नये, हा या कथेचा बोध आपल्या विहारांतून अनेकदा सांगितला जातो. परंतु कथेत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. भरलेल्या सभेत कोण आले नाही, हे तथागतांना ठाऊक होते. उपस्थितांची गर्दी पाहून त्यांनी समाधान मानले नाही.

आधुनिक राज्यात अनुपस्थित कोण, हे कळण्याचे साधन म्हणजे जनगणना आणि कुटुंबांच्या राहणीमानाच्या पाहण्या. हे साधनच जेथे मोडके आहे, किंवा जाणूनबुजून मोडून ठेवले आहे, तेथील दारिद्र्य कसे ओळखावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी ब्रह्मदेशाचे, म्हणजे आजच्या म्यानमारचे, आणि विशेषतः त्याच्या राखाईन प्रांताचे उदाहरण घेतले आहे. ते घेण्यास कारण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ज्यांनी त्रिशरण व पंचशील दिले, ते भदन्त चंद्रमणी महास्थवीर मूळचे याच प्रदेशाचे. त्या काळी या प्रदेशाला अराकान म्हणत. ज्या भूमीतून आपल्याला दीक्षा देणारे हात आले, त्या भूमीतील माणसे आज कोणत्या स्थितीत जगत आहेत हे जाणून घेणे आपले कर्तव्य आहे. आणि तेथे बौद्ध म्हणविणाऱ्या राज्यसत्तेने काय केले हे जाणून घेणे तर अधिकच.

१. प्रदेश आणि त्याची संपत्ती

राखाईन हा बंगालच्या उपसागराला लागून असलेला चिंचोळा किनारी प्रदेश आहे. अराकान योमा या पर्वतरांगेने तो इरावतीच्या खोऱ्यापासून वेगळा केला आहे. येथे म्राउक-ऊ नगरीचे स्वतंत्र राज्य होते. १७८४-८५ मध्ये ब्रह्मी राजाने ते जिंकले आणि पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर, १८२६ साली, ते इंग्रजांकडे गेले. अक्याब, म्हणजे आजचे सित्वे, हे भाताच्या निर्यातीचे मोठे बंदर झाले. प्रांतात राखाईन बौद्धांची वस्ती मोठी आहे. उत्तरेकडील मौंगडॉ, बुथिडाँग या भागांत रोहिंग्या मुसलमानांची दाट वस्ती होती. यांशिवाय कमान मुसलमान, म्रो, चिन इत्यादी समूह तेथे राहतात.

प्रदेश निसर्गतः दरिद्री नाही. भातशेती आहे, मासेमारी आहे, समुद्रतळाशी नैसर्गिक वायू आहे. २०१३ पासून हा वायू क्याउकप्यू येथून नळाने थेट चीनच्या युनान प्रांतात जाऊ लागला. त्यानंतर वर्षभराने झालेल्या जनगणनेत मात्र राखाईनमधील केवळ १२.८ टक्के कुटुंबे दिव्यासाठी वीज वापरतात असे आढळले. संपूर्ण देशाचे प्रमाण ३२.४ टक्के होते. सुरक्षित शौचालय असलेली कुटुंबे देशात सुमारे तीन चतुर्थांश, तर राखाईनमध्ये सुमारे एक तृतीयांश होती. ऊर्जा घराखालून जाते आणि घर अंधारात राहते, असे हे चित्र आहे.

परंतु हे आकडेही अपुरे आहेत. ते कोणाचे आहेत आणि कोणाचे नाहीत, हे समजण्यासाठी त्या जनगणनेचा इतिहास पाहिला पाहिजे.

२. एकतीस वर्षांची पोकळी

१ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. त्यामुळे तेथेही दर दहा वर्षांनी खानेसुमारी होत असे. १९३१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या सुमारे १ कोटी ४६ लाख भरली. १९४१ च्या मोजणीची बहुतेक कागदपत्रे महायुद्धात नष्ट झाली. ४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला. पण लगोलग यादवी सुरू झाल्याने १९५३-५४ ची मोजणी अर्धवटच राहिली. त्यानंतर १९७३ साली सुमारे २ कोटी ८९ लाख आणि १९८३ साली सुमारे ३ कोटी ५३ लाख अशी लोकसंख्या नोंदली गेली. या दोन्ही वेळी बंडखोरांच्या ताब्यातील भागांत प्रगणक पोहोचू शकले नाहीत. तेथील संख्या अंदाजाने भरण्यात आली.

१९८३ नंतर एकतीस वर्षे जनगणनाच झाली नाही. दरवर्षी ठराविक दराने वाढ धरून सरकार आकडा पुढे ढकलीत राहिले आणि तो सुमारे सहा कोटींवर जाऊन पोहोचला. २०१४ साली प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा लोकसंख्या निघाली ५ कोटी १४ लाख ८६ हजार २५३. म्हणजे ऐंशी लाखांहून अधिक माणसे केवळ कागदावर होती.

याचा परिणाम सामान्य वाचकाला वाटतो त्याहून मोठा आहे. राहणीमानाचा जवळजवळ प्रत्येक आकडा हा भागाकार असतो. दरडोई उत्पन्न, दर हजारी बालमृत्यू, दर डॉक्टरमागे लोकसंख्या, या सर्वांत खाली भाजक म्हणून लोकसंख्या असते. भाजकच चुकला तर वरची रक्कम कितीही काळजीपूर्वक मोजली तरी उत्तर चुकते. आणि येथे वरची रक्कमही शंकास्पदच होती. एप्रिल २०१२ पर्यंत एका अमेरिकन डॉलरचा सरकारी भाव सुमारे सहा क्याट होता. बाजारात मात्र त्याच डॉलरला सुमारे आठशे क्याट मोजावे लागत. अशा देशाचे उत्पन्न डॉलरमध्ये किती, या प्रश्नाला कोणता भाव धरला त्याप्रमाणे शंभरपटीहून अधिक अंतराची दोन उत्तरे मिळत. तरीही या शतकाच्या आरंभी तेथील राजवट सलग अनेक वर्षे दहा टक्क्यांहून अधिक आर्थिक वाढीचे दावे करीत होती.

त्या काळात दारिद्र्याची खरी खबर एका वेगळ्याच मार्गाने जगापुढे आली. ऑगस्ट २००७ मध्ये सरकारने इंधनावरील अनुदान एकाएकी काढून घेतले. डिझेलचा भाव दुप्पट झाला. बसगाड्यांच्या वायूचा भाव सुमारे पाचपट झाला. सप्टेंबरमध्ये हजारो भिक्खू रस्त्यावर उतरले आणि त्यांनी लष्करी सत्ताधाऱ्यांकडून दान स्वीकारण्यास नकार देण्यासाठी आपली भिक्षापात्रे पालथी केली. रोज सकाळी दारोदार भिक्षाटन करणाऱ्या भिक्खूला कोणत्या घरचा भात कमी झाला, हे सांगण्यासाठी सरकारी तक्ता लागत नाही. भिक्षापात्र हीच त्या समाजातील राहणीमानाची सर्वांत जुनी पाहणी होती.

३. नावामुळे वगळलेले

२९ मार्च ते १० एप्रिल २०१४ या काळात संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या साहाय्याने जनगणना झाली. प्रत्येकाने आपला वंशसमूह स्वतः सांगावा, असे तत्त्व आधी मान्य करण्यात आले होते. परंतु मोजणीच्या तोंडावर सरकारने घोषित केले की, 'रोहिंग्या' असे कोणी सांगितले तर त्याची नोंद होणार नाही. प्रगणक दारात येत, वंश विचारीत. 'रोहिंग्या' हा शब्द उच्चारला जाताच पुढचा प्रश्न न विचारता निघून जात. लोकसंख्या निधीने या प्रकाराबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली, तथापि मोजणी तशीच पूर्ण झाली.

अखेरच्या अहवालात राखाईनची लोकसंख्या सुमारे ३१ लाख ८९ हजार दाखविली आहे. त्यांपैकी सुमारे २१ लाख लोक प्रत्यक्ष मोजलेले आणि १० लाख ९० हजार अंदाजाने धरलेले आहेत. म्हणजे दर तीन माणसांमागे एक माणूस मोजणीबाहेर. काचीन आणि कायिन प्रांतांतही अनुक्रमे सुमारे ४७ हजार व ७० हजार लोक मोजायचे राहिले. पण तेथे सशस्त्र गटांच्या ताब्यातील प्रदेशात पोहोचता आले नव्हते. राखाईनमध्ये प्रगणक दारापर्यंत पोहोचले होते. एके ठिकाणी वाट नव्हती, दुसऱ्या ठिकाणी इच्छा नव्हती. अहवालाच्या तक्त्यात मात्र दोन्ही प्रकारची माणसे एकाच 'अंदाजित' सदरात बसली आहेत.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. अंदाजाने फक्त डोकी धरता येतात. त्या दहा लाख माणसांच्या घरात दिवा होता का, ती कोणते पाणी पीत होती, त्यांची किती मुले शाळेत होती, हे अंदाजाने भरलेले नाही. म्हणून वर दिलेले १२.८ टक्के विजेचे प्रमाण हे केवळ मोजलेल्या दोन तृतीयांश लोकांचे आहे. उरलेल्या एक तृतीयांशांत बहुसंख्य असे होते, ज्यांना १९८२ च्या नागरिकत्व कायद्यानंतर नागरिक मानले गेले नाही, ज्यांच्या प्रवासावर निर्बंध होते आणि ज्यांपैकी लाखाहून अधिक लोक २०१२ च्या दंगलींनंतर छावण्यांत कोंडले गेले होते. त्यांची स्थिती मोजलेल्यांहून चांगली असण्याचा संभव नाही. प्रांताचे खरे चित्र तक्त्यातील चित्रापेक्षा काळे आहे. किती काळे, हे सांगण्याचा मार्गच बंद केला गेला.

या बंदीमागे भय होते. मुसलमानांची संख्या झपाट्याने वाढून बौद्ध अल्पसंख्य होतील, असा प्रचार देशभर चालला होता आणि दुर्दैवाने काही चीवरधारीही त्यात पुढे होते. तणाव वाढेल या भीतीने धर्मवार आकडे दोन वर्षे दाबून ठेवण्यात आले. ते जुलै २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा, न मोजलेल्यांचा अंदाज धरूनही, बौद्ध ८७.९ टक्के आणि मुसलमान ४.३ टक्के निघाले. १९८३ साली मुसलमान ३.९ टक्के होते. ज्या भयापोटी माणसांना मोजणीतून काढले, ते भय मोजणीनेच निराधार ठरविले. परंतु तोवर फार उशीर झाला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झालेल्या लष्करी कारवाईत सात लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून बांगलादेशात गेले.

तेथे एक विलक्षण गोष्ट घडली. कॉक्स बाजार जिल्ह्यातील छावण्यांत बांगलादेश सरकार व संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने मिळून कुटुंबवार नोंदणी केली. घरात किती माणसे, किती मुले, किती वृद्ध, कोणाला कोणती मदत हवी, हे सारे लिहिले गेले. ज्यांना स्वतःच्या देशात दारावरच्या प्रगणकाने मोजले नाही, त्यांची पहिली तपशीलवार मोजणी परक्या देशात, बांबू व ताडपत्रीच्या झोपडीत झाली.

४. एकाच पाहणीतून तीन आकडे

मोजलेल्यांच्या दारिद्र्याबाबत तरी निश्चित काही सांगता येते काय? त्याचे उत्तर सावधपणे द्यावे लागते.

२००९-१० मध्ये ब्रह्मदेशात कुटुंबांच्या राहणीमानाची मोठी पाहणी झाली. तीवरून देशातील २५.६ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली असल्याचे जाहीर झाले. राखाईनचे प्रमाण ४३.५ टक्के सांगण्यात आले. २०१४ साली जागतिक बँकेने त्याच पाहणीतील त्याच नोंदींवरून पुन्हा गणित मांडले. तेव्हा देशाचे प्रमाण ३७.५ टक्के आणि राखाईनचे ७८ टक्के आले. पुढे सरकार व जागतिक बँक यांनी मिळून नवी पद्धत ठरविली आणि तिच्या आधारे मागील वर्षांचे आकडे पुन्हा काढले. त्यात त्याच २००९-१० सालचे प्रमाण ४२.२ टक्के ठरले. एकही नवे घर न पाहता दर चार माणसांतील एक गरीब याऐवजी दर पाचांतील दोघे गरीब झाले.

यात कोणी खोटे बोलले असे समजण्याचे कारण नाही. फरक व्याख्येचा आहे. दारिद्र्यरेषा ठरविताना प्रथम जगण्यास लागणाऱ्या अन्नाची एक टोपली कल्पिली जाते. तिची किंमत काढून तिच्यात कपडा, निवारा, औषधोपचार, शिक्षण यांचा खर्च मिळविला जातो. टोपलीत कोणता तांदूळ धरला, औषधाचा खर्च गरज मानला की नाही, यांगून व सित्वे येथील भावांतील फरक कसा लावला, यावर रेषा वर-खाली होते. जेथे फार मोठी लोकसंख्या रेषेच्या अगदी आसपास जगते, तेथे रेषा बोटभर सरकली तरी लक्षावधी माणसे तिच्या अलीकडे-पलीकडे होतात. राखाईनचे प्रमाण ४३.५ वरून ७८ वर जाते, याचा अर्थ हाच की ज्यांना 'गरीब नाहीत' म्हटले गेले तेही कड्याच्या काठावरच उभे होते.

डॉ. बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात अशाच प्रकारचा प्रश्न उपस्थित केला होता. शेताचा आकार लहान म्हणून शेती तोट्याची, हे तेव्हाचे प्रचलित मत त्यांनी मान्य केले नाही. जमिनीचा आकार एकटा काहीच सांगत नाही; तिच्यावर राबणारे हात आणि उपलब्ध भांडवल यांच्या प्रमाणात तो पाहिला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. आकडा हाती आला की आधी त्याची व्याख्या तपासावी, ही शिस्त आपल्याला त्यांच्याकडूनच मिळालेली आहे.

नव्या पद्धतीने काढलेली मालिका अशी आहे : २००४-०५ मध्ये ४८.२ टक्के, २००९-१० मध्ये ४२.२ टक्के, २०१५ मध्ये ३२.१ टक्के आणि २०१७ मध्ये २४.८ टक्के. एकच मोजपट्टी सर्व वर्षांना लावलेली असल्याने या मालिकेवरून एवढे निश्चित म्हणता येते की त्या बारा वर्षांत दारिद्र्य निम्म्याच्या आसपास घटले. २०१७ च्या पाहणीत १३,७३० कुटुंबांना भेट देण्यात आली. तीत डोंगराळ चिन प्रांतात ५८ टक्के व राखाईनमध्ये सुमारे ४२ टक्के लोक गरीब आढळले. देशाची सरासरी खाली येत असतानाही हे दोन शेजारी प्रांत मागेच राहिले.

५. दूरध्वनीवरून विचारलेली भूक

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतर देशभर युद्ध पसरले आणि घरोघर जाऊन पाहणी करणे अशक्य झाले. संशोधकांनी दूरध्वनीचा आश्रय घेतला. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने २०२३ मध्ये बारा हजारांहून अधिक लोकांशी दूरध्वनीवरून बोलून ४९.७ टक्के जनता दारिद्र्यरेषेखाली असल्याचा निष्कर्ष काढला. जागतिक बँकेचा त्याच सुमाराचा, दूरध्वनी-पाहण्यांवरच आधारलेला, अंदाज सुमारे ३२ टक्के होता.

दोन जबाबदार संस्था, एकच देश, एकच काळ, आणि अंतर अठरा टक्क्यांचे. पाच कोटींच्या देशात ते नव्वद लाख माणसांएवढे होते. असे अंतर पडण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. दूरध्वनीवर दोन तासांची प्रश्नावली विचारता येत नाही. मोजक्या प्रश्नांवरून उरलेले अनुमानाने काढावे लागते. उत्पन्न विचारले तर एक उत्तर येते, खर्च विचारला तर दुसरे. महागाई भडकलेली असताना जुनी रेषा आजच्या भावात आणण्याच्या पद्धतीही भिन्न असतात. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, ज्याच्याकडे दूरध्वनी आहे, तो भारित करण्यास वीज आहे आणि गावात लहरी पोहोचतात, तोच उत्तर देतो. राखाईनच्या आठ व चिनच्या एका तालुक्यात जून २०१९ मध्ये मोबाईलवरील इंटरनेट बंद करण्यात आले. काही तालुक्यांत ही बंदी वर्षाहून अधिक काळ टिकली. जेथे संपर्काचे साधनच सत्तेच्या मर्जीवर अवलंबून आहे, तेथे दूरध्वनीवरील पाहणीला अत्यंत गरिबाचा आवाज ऐकू येत नाही. तरीही दोन्ही अंदाज एका मुद्द्यावर सहमत आहेत : २०१७ पर्यंत मिळविलेली प्रगती मागे गेली आहे. दिशा निश्चित आहे. अंतर अनिश्चित आहे. विवेकी वाचकाने दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवाव्यात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये लष्करी राजवटीने पुन्हा जनगणना घेतली. प्राथमिक अहवालात लोकसंख्या सुमारे ५ कोटी १३ लाख दाखविण्यात आली. त्यांपैकी सुमारे ३ कोटी २२ लाख लोक मोजलेले, तर १ कोटी ९१ लाख अंदाजाने धरलेले होते. एकूण ३३० तालुक्यांपैकी १४५ तालुक्यांतच मोजणी पूर्ण झाली. १२७ तालुक्यांत ती अंशतः झाली आणि ५८ तालुक्यांत मुळीच झाली नाही. २०१४ साली अंदाजावर सोडलेले लोक बारा लाख होते. दहा वर्षांनी ते एक कोटी नव्वद लाखांवर गेले. पूर्वी जी अवस्था एका समूहाची होती, ती आता देशातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जनतेची झाली. यांत राखाईन बौद्धही आले, कारण २०२४ अखेर प्रांतातील १७ पैकी १४ तालुके अराकान आर्मी या सशस्त्र संघटनेच्या ताब्यात गेले होते. शेजाऱ्याला मोजणीबाहेर ठेवणारी भिंत उभी राहिली, की ती पुढे आपल्यालाही बाहेर ठेवते.

६. आकडा नसतो तेथे काय पाहावे

मग अशा प्रदेशाविषयी मौन पाळावे काय? नाही. पूर्ण आकडा नसला तरी खुणा असतात. उपग्रहाच्या रात्रीच्या छायाचित्रांत गावाचा उजेड कमी झालेला दिसतो. पेरलेल्या शेताचा हिरवेपणा दिसतो, जळालेली वस्ती दिसते. बाजारात तांदूळ व तेलाचे भाव नोंदवता येतात. लहान मुलाच्या दंडाचा घेर साध्या फितीने मोजून कुपोषण ओळखता येते. घराने जेवणाची एक वेळ बंद केली का, बियाणे खाल्ले का, बैल किंवा होडी विकली का, मुलाला शाळेतून काढले का, हे प्रश्न थोडक्यात विचारता येतात आणि त्यांची उत्तरे उत्पन्नाच्या आकड्याहून कमी फसवी असतात. अशाच खुणा जुळवून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने नोव्हेंबर २०२४ मध्ये इशारा दिला की, २०२५ च्या मार्च-एप्रिलपर्यंत राखाईनमधील धान्योत्पादन प्रांताच्या गरजेच्या अवघ्या २० टक्क्यांवर येईल आणि वीस लाखांहून अधिक लोक उपासमारीच्या छायेत जातील. हा इशारा अचूक टक्केवारीची वाट पाहत बसला नाही. आगीची धग जाणवल्यावर उष्णतामापक आणायला कोणी जात नाही.

अशा प्रदेशाचा कोणताही आकडा समोर आला की वाचकाने स्वतःला पुढील प्रश्न विचारावेत :

(१) हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला आहे की अंदाजाचा?
(२) कोणाला मोजले नाही. पोहोचता आले नाही म्हणून, की पोहोचायचे नव्हते म्हणून?
(३) 'गरीब' कोणाला म्हटले आहे. टोपलीत काय आहे आणि काय नाही?
(४) मागील ज्या आकड्याशी तुलना केली आहे, तो त्याच पद्धतीने काढलेला आहे काय?
(५) हा आकडा अधिक दिसावा किंवा कमी दिसावा, यात कोणाचे हित आहे?

७. आपला स्वतःचा रकाना

हे सारे दूरदेशीचे आहे असे आपल्याला म्हणता येणार नाही. १९३२ साली मताधिकाराचा विचार करण्यासाठी आलेल्या लोथियन समितीत बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांना संख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळणार असे दिसताच काही प्रांतांतील सवर्ण पुढाऱ्यांनी आपल्या प्रांतात अस्पृश्य जवळजवळ नाहीतच, असे सांगण्यास सुरुवात केली. ज्यांची सावली विटाळत होती, ते मोजायच्या वेळी अदृश्य झाले. संख्या नाकारणे हा हक्क नाकारण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते.

धम्मदीक्षेनंतरही हा प्रश्न संपला नाही. १९५१ साली भारतात बौद्धांची संख्या दोन लाखांच्या आत होती. १९६१ साली ती सुमारे साडेबत्तीस लाख झाली आणि त्यांपैकी सुमारे अठ्ठावीस लाख महाराष्ट्रात होते. तरीही प्रत्यक्षात दीक्षित झालेले सर्वजण या आकड्यात आले असे मानता येत नाही. बौद्ध म्हणून नोंद केली तर अनुसूचित जातीच्या सवलती जातात, या भीतीने अनेक कुटुंबांनी कागदावर जुनीच नोंद राहू दिली. १९९० साली राष्ट्रपतींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, तेव्हा कुठे विहारात एक आणि कागदावर दुसरे, ही केंद्रीय सवलतींपुरती सक्ती दूर झाली. स्वतःचे नाव सांगितल्याने हक्क गमावण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांची वेदना आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही. म्हणूनच राखाईनमधील एखाद्या घराच्या दारात नाव उच्चारताच प्रगणकाने वही मिटली, ही घटना आपल्याला इतरांहून अधिक समजली पाहिजे. मग नाव सांगणारा मुसलमान असो आणि वही मिटणारा बौद्ध असो.

८. समारोप

दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात राज्याच्या अधोगतीची कारणपरंपरा सांगितली आहे. राजाने इतर सर्व व्यवस्था नीट ठेवली. फक्त निर्धनांना धन दिले नाही. त्यातून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या आणि हत्येतून असत्य पसरले. दारिद्र्य हे व्यक्तीच्या पूर्वकर्माचे फळ म्हणून तेथे सांगितलेले नाही. ते राज्यकर्त्याच्या उपेक्षेचे फळ म्हणून सांगितलेले आहे. आजच्या राखाईनकडे पाहताना या परंपरेत एक कडी आणखी आधी जोडावीशी वाटते : निर्धन कोण, हे राज्याने पाहिलेच नाही. पाहिले नाही म्हणून दिले नाही.

दुःख आहे हे जाणणे, हे पहिले आर्यसत्य. पण दुःख कोणाचे आहे, कोठे आहे, हे जाणून घेण्याचे कष्ट टाळून 'सर्वत्र दुःख आहे' असे म्हणणे सोपे असते. मोजणे हे त्या कष्टांचे नाव आहे. भिक्खू चंद्रमणींच्या जन्मभूमीत आज राखाईन बौद्धाचे आणि रोहिंग्या मुसलमानाचे मूल एकाच महागड्या तांदळासाठी उपाशी राहत असेल, तर त्या दोघांचीही नोंद एकाच वहीत झाली पाहिजे. आळवीच्या सभेत तथागत ज्याच्यासाठी थांबले, त्याचे नावदेखील कथेत दिलेले नाही. नाव, कुळ, वंश न विचारता त्यांनी एवढेच पाहिले की एक माणूस अजून यायचा आहे आणि तो भुकेला आहे.